खुडूक

बॅटरी मेली ती नदीपाशीच.
सायकल-टॅक्सीच्या कॅरियरवर सोलरची काच तडकली
आणि जंतू उबवायची पेटी, चौदा किलोंची,
उरली नुसती पेटी.

तोवर पाच नमुने गाळून झाले होते:
शिरे नदी, पुलाच्या वर.
शिरे नदी, पुलाखाली, जिथे गुरं बसतात अन् पोरं पोहतात.
शाळेचा हातपंप.
एनिफाची विहीर.
आणि पाचवं, एनिफाच्या चुलीवर उकळून निववलेलं पाणी,
माझे हात, माझं गाळणं स्वच्छ होतं
याची साक्ष द्यायला.

विहीर बोकोसीनं खणलेली, एकट्यानं,
मरायच्या आदल्या वर्षी.
पाणी निवळशंख. तळातले खडे मोजून घ्यावेत.
अख्खं गाव पिवळे कॅन घेऊन इथं येतं,
पंपाचं पाणी जिभेला लोखंड लागतं म्हणून.
एनिफानं कप पुढं केला.
पाणी जोखायला आलेल्या माणसानं ते पिऊ नये,
असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.
तिनं कप कमरेच्या चितेंज्याला दोनदा पुसला होता.
मी प्यायले.
गोड होतं.

रात्री दुसरा इलाज नव्हता.
पाचही तबकड्या एकीवर एक रचून
पोटाशी बांधल्या.
सदतीस अंश, फुकट, न जाणारी वीज.
चटईवर उताणी, कूस न बदलता.
अंधारातून एनिफा हसली,
"खुडूक बसलीस की गं! काय उबवतेस?"
उद्या कळेल, म्हटलं.

खरं तर येतानाच मी पावलं मोजली होती.
पुरानंतर तिच्या लेकानं खणलेला संडास
चढाच्या अंगाला, विहिरीपासून चौदा पावलं.
पाणी कुठं मुरतंय हे ओळखायला
यंत्र लागत नाही.
सांगायला लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आंब्याखाली, गाठ सोडली.
नदीच्या दोन्ही: निळाच चिखल, मोजता येत नाही.
पंप: दोन ठिपके.
विहीर: एक्केचाळीस. तीनदा मोजले.
पाचवी उचलताना मनात म्हणत होते,
एक तरी ठिपका असू दे,
माझाच हात घाण निघू दे,
म्हणजे सगळं रद्द, म्हणजे गप्प बसता येईल.

कोरी.
सायीसारखी कोरी.

एनिफानं विहिरीची तबकडी उन्हाकडे धरली.
"मण्यांसारखे आहेत," म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, माझ्या पोटाकडे बघत,
"रात्रभर तुझ्या अंगाला होते.
तुझेच नसतील कशावरून?"

मी कोरी तबकडी पुढं केली.
हीपण तिथंच होती, आमायी.

तिनं ती घेतली, आतलं काही सांडेल अशी जपून.
"आणि हे कुठलं पाणी?"
तुमच्याच विहिरीचं. फक्त उकळलेलं.

तिची नजर लाकडांच्या ढिगाकडं गेली,
ढीग कसला, चार काटक्या,
आणि तिथंच राहिली.

बाहेर कॅन वाजू लागले. कुणीतरी तिला हाक मारली.
ती उठली, पदराखाली दोन्ही तबकड्या,
विहिरीच्या वाटेवर मधेच थांबली.

मी वहीत एक्केचाळीस लिहिले.
एक कप माझ्याही आत होता.
त्याची तबकडी नव्हती,
त्याला अजून दोन दिवस होते.