कलम सात, पोटकलम दोन

बातमी मला कळली ती खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातून.
बाटल्या फुटू नयेत म्हणून कोंबलेला पेपर,
चार दिवस शिळा.
उलगडून, काउंटरवर तळहाताने सपाट करून वाचला.
नागपूरच्या थंडीत कुणीकुणी हात वर केले
आणि इथे विक्रोळीत, कन्नमवार नगरात,
दोन पायऱ्या उतरून यावं लागतं अशा दुकानात
माझा हात वीतभर लांब झाला.

आता म्हणे मला
जुनी चिठ्ठी तीस दिवस पुढे नेता येईल,
दंडात लस टोचता येईल,
दाब मोजून, वहीत लिहून,
संध्याकाळची गोळी अर्धी करा, असं सांगता येईल.
खाली माझी सही.

सही.
ती इतकी वर्षं एकाच जागी होती, काचेमागे,
हार सुकलेल्या गणपतीच्या शेजारी:
हेमांगी विश्राम चेंदवणकर, नोंदणीकृत औषधनिर्माता.
लग्नानंतर पाच वर्षं ती चौकट
चेंबूरच्या एका दुकानात भाड्याने राहिली,
मी घरात.
महिना दीड हजार.
माझ्या नावाखाली कोण काय विकत होतं
मी विचारलं नाही.

लोकांना कायदा कधी ठाऊकच नव्हता.
ताई, पोटात मुरडा येतोय, काहीतरी द्या.
ताई, ती पिवळी, चपटी, मागच्या वेळची.
बुधाजी तांडेल तर सदरा वर करून
गजकर्णच दाखवायचे, मागे माणसं उभी असताना.
मी म्हणायची, डॉक्टरांकडे जा,
आणि कात्रीने पट्टी कापायची, चारच गोळ्या,
मुदतीची तारीख माझ्याकडच्या तुकड्यावर राहायची.
एकदा डोस दुप्पट वाटला म्हणून फोन केला.
तुम्ही फक्त द्या हो, पलीकडून आवाज आला,
विचार करायला आम्ही आहोत.
मी दिलं.

आणि ती एक रात्र.
शटर अर्धं ओढलेलं.
खालून वाकून एक मुलगा, नुसत्या बनियनवर,
हातात दम्याचा निळा पंप, रिकामा.
हलवून दाखवला त्याने मला. आईचा आहे.
चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीची, घडीवर फाटलेली.
रविवार.
त्याच आठवड्यात समोरच्या मेडिकलला सील लागलं होतं.
मी म्हटलं, नवी चिठ्ठी आण.
तो पळाला.
चपलांचा आवाज हायवेकडे गेला.
परत आला नाही.
दुसरीकडे मिळाला असेल,
असं मी सोळा वर्षं म्हणते आहे.

त्या रात्री मला झोप लागली.
खोटं कशाला सांगू, लागली.
नियम होता ना. नियमाला पाठ टेकता येते.
परवानगी नाही, हे वाक्य
उशीसारखं दुमडून डोक्याखाली घेता येतं.
आता तीच उशी कुणीतरी काढून घेतली,
वर अभिनंदन म्हणून संघटनेने पेढे वाटले.
एक खाल्ला मी. चांगला होता.

नवी वही आणली, लांबोडी, लाल पाठीची.
पट्टीने रकाने आखले.
आज दुपारी सुंदराबाई घोलप आल्या,
चिठ्ठी संपलेली, डॉक्टर गावाला,
पिशवीत मेथीची जुडी.
बसा म्हटलं तर घाबरल्या.
मापन-पट्टा गुंडाळला दंडाला, हवा भरली,
आणि कान लावून ऐकत राहिले
दुसऱ्या बाईचं रक्त,
बाहेर रिक्षा रिव्हर्स घेत असताना.
एकशे बावन्न. पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस.
दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तीस नाही.
दहाव्या दिवशी मला दाखवायला यायचं,
नाही आलात तर मी येईन वर, तिसऱ्या मजल्यावर.
त्या हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा.

अनुक्रमांक एक.
नाव, वय, दाब, औषध, मात्रा.
कारण या रकान्यात जागा थोडी.
तिथे मी लिहून गेले: रविवार.
आज तर मंगळवार.
एक रेघ मारून खोडलं,
खोडल्याजागी सही केली, नियमाप्रमाणे,
आणि पुढे बारीक अक्षरात
खरं कारण लिहिलं.