घडी

पहिल्या रविवारी तिकीट नसतं, म्हणून येते असं नाही.
दारातला गास्पारे म्हणतो,
"आलात, सिन्योरा निंफा? तुमची बाई वाट बघतेय."

आधी ते तीन म्हातारे. तेही आंतोनेल्लोचेच.
संत आहेत म्हणे, मोठे विद्वान.
मला त्यांचे झगेच दिसतात:
एवढं जड कापड, वाळवलं कुणी असेल?

मग ती. हातभर फळी, बस्स.
निळं वस्त्र एका हातानं गळ्याशी धरलेलं,
दुसरा हात हवेत.

सगळे त्या हाताबद्दल बोलतात.
मघाशी शाळेच्या पोरांना बाई सांगत होत्या,
देवदूत चित्रात नाही;
तो उभा आहे तिथे आत्ता तुम्ही उभे आहात.
पोरं पटकन मागे सरली.

मी चाळीस वर्षं पलीकडच्या गल्लीत इस्त्री केली.
मला हात नंतर दिसतो.
आधी दिसते कपाळावरची रेघ,
निळ्यात मधोमध, उभी.
खूप दिवस दुमडून पडल्याशिवाय
कापडाला अशी रेघ येत नाही.
एका वाफेत जातही नाही ती.

म्हणजे हे ठेवणीतलं होतं.
म्हणजे आजच मोडली हिनं घडी.
कशासाठी? रोजचीच दुपार, रोजचंच पुस्तक,
कुणी येणार असल्याचा निरोप नव्हता.
निरोप तर यायचाच होता अजून.
सकाळी खण उघडताना
हाताला काय कळलं असेल?

आंतोनेल्लोनं ती रेघ राहू दिली.
मी नसती राहू दिली.
कोण कुठल्या कुशीवर झोपलं,
कुणाची उशी एकाच बाजूला ओली,
सगळं सपाट करून, कागदात बांधून परत दिलं मी,
तेही शनिवारच्या आत.

आज माझ्या गळ्यात रुमाल आहे,
बेनेदेत्तानं तोरिनोहून पाठवलेला.
तीन वर्षं खणात होता.
पर्समध्ये तिचं पत्र, शुक्रवारी आलेलं.
मुली पत्रं कुठे लिहितात आता, फोन करतात.
म्हणूनच फोडलेलं नाही.

"पाच मिनिटं राहिली, सिन्योरा,"
गास्पारे सांगायला येतो आणि थबकतो.
"रुमालाला घडी? आणि तुमच्या?"

मी हात वर करते.
फार नाही, छातीपर्यंत.
दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली
पाकिटाची कड.