तोंडघशी

डंडीत, पर्थ रोडच्या उतारावर, एका पबच्या तळघरात
महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी मी विज्ञान सांगून हसवते.
म्हणजे प्रयत्न करते. बत्तीस खुर्च्या, चार मोडक्या,
माइकला आधीच्या वक्त्याच्या बिअरचा वास,
आणि निवेदक डूगल, जो माझं नाव
दर वेळी नव्या जागी मोडतो:
वैज-यंती, वैजयं-ती, एकदा तर नुसतंच "व्हाय".
"का?" हे नाव शास्त्रज्ञाला वाईट नाही.

माझा विषय: तुमच्या तोंडावरचे किडे.
किडेही नव्हेत खरं तर. आठ पाय, कोळ्याच्या भावकीतले,
मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे,
पापणीच्या मुळाशी डोकं खाली खुपसून दिवसभर दडलेले.
उजेड सोसत नाही. दिवे गेले की निघतात
तासाला सेंटिमीटरभर या वेगाने
तुमच्या गालावर स्थळं बघायला.
इथे हशा येतो. मी पाण्याचा घोट घेते
आणि हुकमाचं पान टाकते:

"त्यांना ढुंगणच नाही.
जन्मभर खातात, साठवतात,
आणि मरताना एकदाच, सगळं, तुमच्या चेहऱ्यावर."

तीन वर्षं. एकदाही वाया गेलं नाही.
दातांची डॉक्टर इशबेल तर तेवढ्यासाठी
आपल्या बहिणींना घेऊन यायची.

मग एका सोमवारी, प्रयोगशाळेत डबा उघडता उघडता
एक पेपर वाचला.
कुणीतरी धीराने, नीट, पुन्हा पाहिलं होतं.
आहे.
लहान आहे, पण आहे.
वांग्याची भाजी तशीच राहिली.
कुणाचं गुदद्वार सापडल्याचं
इतकं दुःख मला आजवर झालं नव्हतं.

"जुनंच सांग की," डूगल म्हणाला.
"लोक हसायला येतात, तपासायला नाही."
खोटं नव्हतं ते.
स्थळं झाली, हशा झाला, घोट झाला,
पान हातात होतं,
आणि मी म्हणाले, तीन वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.

कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.
(माशी. बाकीचे हलत असतील.)
घसरत घसरत बोलत राहिले: दिसलं नाही,
म्हणून आम्ही नाही म्हटलं,
आणि विनोद इतका चांगला निघाला
की परत बघायला माझा तरी जीव होईना.

मागच्या रांगेतून मिस्टर गिलक्रिस्ट,
पोस्टातून निवृत्त, आजवर एकदाही न हसलेले:
"म्हणजे इतकी वर्षं ते... जात होते?"
"जात होते."
"माझ्या तोंडावर?"
"हो."
"आणि बायको म्हणायची, तुझा चेहरा कसा कोरा!"
तळघर फुटलं. मोडक्या खुर्चीतली एक
कायमची गेली.

इशबेलच्या धाकट्या बहिणीने हात वर केला.
येतात कुठून हे?
"आईकडून," मी म्हणाले. "पाजताना,
गालाला गाल लागला की."
यावर कुणी हसलं नाही. तिने नुसती
भुवई चाचपली.

परतीच्या बसला काचेत टे नदी नाही,
अंधार आणि माझंच नाक.
आईचं नाक घेतलंस, असं सगळे म्हणत आले.
नाकच नाही, भाडेकरूंसकट घेतलं.
व्हिसा एकीचा निघाला, विमानात बसलो आम्ही हजारभर.

आता कराडला पहाटेचे चार.
दिवे बंद. तिच्याही गालावर वर्दळ असेल,
माझ्याकडच्यांची चुलत चुलत भावंडं.
उद्या फोनवर सांगावं का तिला?
सांगितलं तर सगळं ऐकून घेईल,
आणि विचारेल:
तोंड धुतेस ना रोज नीट?