तैनाती

जहराच्या पुढे रस्ता सरळ जातो, आणि मग
उगाचच सरळ जातो.
वळायला कारण लागतं. झाड, विहीर, कुणाचं तरी कुंपण.
इथं फक्त तारांचं वेटोळं, त्यात फाटक,
फाटकाच्या आत त्यांची छावणी,
छावणीच्या कडेला पत्र्याची लाँड्री.
लाँड्रीत मी.

पिशव्या पहाटे चारला येतात, जाळीच्या.
एका पिशवीत वीस नग. मोजायचे, लिहायचे, खिसे उलटे करायचे.
कानात घालायचे नारिंगी बोळे, च्युइंगमचा कागद,
आणि एकदा घडीच्या कागदावर नुसत्या उभ्या रेघा,
पाच-पाचच्या जुड्या, आडव्या रेघेनं बांधलेले
कुणाचे तरी दिवस.
ते मी धुतले नाहीत. काउंटरवर वजनाखाली ठेवले.

कपड्यांचा रंग वाळूचाच.
मशीनच्या जाळीत जो गाळ साठतो
त्यात सूत किती, जमीन किती, कळत नाही.
टेकबहादूर म्हणतो, आपण वाळवंट धुतोय,
शर्ट मधे येतात.

आठवीत खांबे गुरुजींनी शिकवली होती तैनाती फौज.
फौज त्यांची, खर्च राजाचा.
थोडक्यात उत्तर लिहा, मार्क तीन.
मला दोन पडले.
परिणाम लिहायचा राहिला होता.

तिच्या छातीवरच्या पट्टीवर हॉलोवे. वय तेवीस असेल.
माझ्या बिल्ल्यावर परकार.
म्हणाली, पार्कर! आमच्या गल्लीत तीन घरं आहेत पार्करांची.
म्हटलं, आमच्या वाडीत तेरा.
कुठं?
दाभोळच्या खाडीला.
तिनं मान हलवली,
तिच्या गावाचं नाव ऐकून मी हलवली होती तशीच.

मार्चमध्ये वारा फिरला.
दुपारी तीनला लाल अंधार. उंटांची रांग
तारेपलीकडे बसली ती दिसेनाशीच झाली.
दाराच्या फटीत आम्ही टॉवेल कोंबले,
सकाळीच धुतलेले, पलटणीचे.
ती अडकली आमच्यात, पावती हातात धरून.
तुमच्याकडे काय म्हणतात याला?

मी विचार करत बसलो.
धूळ म्हणजे कपाटावरची.
धुरळा एस्टी गेल्यावर मागं राहतो तो.
माती म्हणवेना, माती आपली असते.
मग कऱ्हाडचे ट्रकवाले आठवले, चिपळूणच्या नाक्यावर
भुवया झटकत चहा मागणारे.
म्हटलं, फुफाटा.
फूफाटा, ती म्हणाली. हसली. दातांत वाळू.

डिसेंबरात दोनदा पाऊस पडला, झाकणभर.
तेवढ्यावर अरफजची झुडपं पिवळी झाली.
उत्तरेला तेलाच्या विहिरीची ज्योत रात्रभर,
तिच्या उजेडात मी ताणावर मोजे टाकले,
बोटं बधिर.
फोनवर सुरैयाला सांगितलं, इथं थंडी आहे.
म्हणाली, थापा मारू नका.

हॉलोवे जायच्या दिवशी रिकामी पिशवी परत करायला आली.
नऊ महिने, पार्कर. फार झाले.
हो, म्हटलं, फार.
माझं अकरावं वर्ष आहे, हे बोललो नाही.
दिवस तिचा होता.
बसमध्ये सगळे झोपले होते,
इंजिन सुरू व्हायच्या आधीच.

नवी तुकडी आली. पिशव्यांचे नंबर तेच.
एक पोरगा, कान बाहेर आलेले, मानेवर सालपटं,
काउंटरपाशी बाही झटकत म्हणाला,
काय हा फूफाटा!
माझा हात थांबला.
कुणी शिकवलं?
त्यानं खांदे उडवले. इथं सगळेच म्हणतात.
अरबी शब्द ना?

म्हटलं, नाही. घाटावरचा.

बरं, म्हणाला तो.
मी नग मोजले. एकोणीस भरले.
पुन्हा मोजले.