वाली

फोंड्याच्या कोर्टात तीस वर्षं
मी पोर्तुगीज मृत्युपत्रं मराठीत उतरवली.
मेलेल्याला काय म्हणायचं होतं
ते जिवंतांनी ठरवायचं, याची मला सवय आहे.
एकदा एक स्वल्पविराम
सहा भावंडांना अकरा वर्षं पुरला.

म्हणूनच बहुधा आबेदभाई मला हाक मारतात.
ते बोहरी, खिळे-बिजागऱ्यांचं दुकान.
समोर दस्तगीर मुजावर, सुन्नी, पुस्तकबांधणी.
मध्ये रस्ता.

आज आबेदभाईंची नात विचारते आहे, मराठी शाळेतली:
मौला म्हणजे काय?

खुमच्या तळ्यापाशी, हजहून परतताना,
उंटांच्या खोगिरांच्या ढिगावर उभं राहून
पैगंबरांनी अलींचा हात वर धरला:
मी ज्याचा मौला, अली त्याचा मौला.
इथवर दोघांचं एकमत.
हात वर आहे. ऊन आहे.

"धनी," आबेदभाई म्हणतात. "वारस नेमला.
मैत्री सांगायला एवढी माणसं
उन्हात कोण थांबवतं?"
"सखा," दस्तगीर म्हणतात, सुईत दोरा ओवत.
"लोक अलींवर कुरकुरत होते, म्हणून थांबवलं.
माझाही जीव आहे त्यांच्यावर.
पण गादी द्यायची असती तर गादी म्हटलं असतं."

मग आयत निघते.
अल्लाहची आज्ञा पाळा, रसूलची आज्ञा पाळा,
आणि तुमच्यातल्या अधिकार असलेल्यांची.
'पाळा' दोनदाच. तिसऱ्यांदा नाही.
"म्हणजे तिसरा चुकू शकतो. पारखून घ्या."
"म्हणजे तिसरा दुसऱ्याच्याच दाव्याला बांधलेला.
तो चुकेल कसा?
आमचा इमाम पडद्याआड आहे, पण आहे."
एक गाळलेलं क्रियापद.
कोर्टात असतो तर मी पुढची तारीख मागितली असती.

पलीकडची साफा मशीद विजापूरकरांची.
त्या घराण्यात बापानं खुत्ब्यातून काढलेली
बारा इमामांची नावं
मुलानं परत घातली, नातवंडांच्या पिढीत पुन्हा गेली.
जांभा दगड तोच राहिला.

मी कागदावर लिहितो: धनी. खोडतो.
सखा. खोडतो. कैवारी?
नात पेन्सिल चावते आहे.
तेवढ्यात मासे विकणारी रेमेदिन
टोपली सावरत, नगरपालिकेला शिव्या देत जाते:
"ह्या गटाराक कोणूच वाली ना!"

वाली.
त्या अरबी शब्दाच्याच मुळाचा,
कधीचा आमच्या तोंडात बसलेला.
धनी की सखा, हे न विचारता
आम्ही फक्त तो नाही म्हणून रडत आलो.

मी तो लिहून देतो.
दोघंही वाचतात, दोघंही मान डोलावतात,
आणि मला कळतं, दोघांनी
दोन वेगळे शब्द वाचले.

असरची बांग होते.
दस्तगीर खळीचे हात धुतात, निघतात.
आबेदभाईंची असर जोहरबरोबरच उरकलेली;
तेही निघतात, तळ्यापर्यंत.
आत दस्तगीर हात बांधून उभे.
बाहेर पायरीवर आबेदभाई,
शेजारी दस्तगीरांच्या चपला, हल्लीच घेतलेल्या.
एक कुत्रं हुंगायला येतं.
ते छत्री आडवी धरतात.