किंदळीचा दांडा

कणकुंबीच्या सड्यावर, चिरेखाणीच्या तिसऱ्या थराखाली
पहार एकदम हलकी गेली.
महांतेश म्हणाला, मुळ्ळुहंदी.
मी म्हटलं, साळिंदर.
दोघांनी एकाच भोकात बॅटरी मारली.

जांभा त्याला फोडता येत नाही, ते त्या फंदातही पडत नाही.
कवच संपून शेडीची पिवळी माती लागते
तिथून आत शिरतं.
छत दगडाचं, जमीन मातीची.
आमच्या शाळेच्या खोलीला
कंत्राटदाराला एवढं जमलं नव्हतं.

तोंड उगवतीला, पावसाकडे पाठ.
आत अंगाएवढं एक वळण,
काटे घासून घासून भिंत उंबऱ्यासारखी गुळगुळीत.
मग फाटा. एक वाट खोलीकडे,
दुसरी कुठे ते बॅटरीला दिसलं नाही.
संध्याकाळी तीस हातांवर, करवंदीच्या जाळीत
दुसरं तोंड सापडलं:
ताजी माती, दोन काटे,
मालक नुकताच बाहेर पडलेला.

खोलीत हाडं होती.
गव्याची फासळी, भेकराच्या शिंगाचा तुकडा,
चारी बाजूंनी कुरतडलेली.
त्यांच्यात एक दांडा,
किंदळीचा,
आप्पाचा अंगठा बसायचा तिथं बारीक झालेला.

चौदा वर्षांपूर्वी एका रात्रीत गेला होता तो,
खोपीच्या दारातून. सकाळी नुसता टिकाव पडलेला,
लोखंड तेवढं.
आप्पानं हणमाप्पाचं नाव घेतलं.
हुक्केरीकडचा गडी, कुऱ्हाडीला दांडा शोधतोय
असं आदल्याच दिवशी बोलला होता.
चार माणसांत त्याची वळकटी सोडायला लावली:
एक चादर, बसवण्णाचा फोटो,
फडक्यात अर्धी भाकरी.
हणमाप्पानं सगळं पुन्हा नीट बांधलं,
गाठ दोनदा ओढून बघितली
आणि खानापूरच्या बसला हात केला.
आठवड्याची मजुरी राहिली होती.
ती आप्पानं दिली नाही, त्यानं मागितली नाही.
तेव्हा कंदील धरून मी उभा होतो.

आप्पा आता नाही.
महांतेशला विचारलं, तू तिकडचाच ना,
हणमाप्पा म्हणून कोणी?
तो हसला. आमच्याकडं दर घरात एक हणमाप्पा.

दांड्यावर दातांच्या खुणा
मुठीपाशी सगळ्यात खोल,
जिथं सहा वर्षं घाम मुरला होता.
महांतेश पाणी आणायला गेला तेव्हा
मी तो जिभेला लावून पाहिला.
माती लागली.
मीठ संपलं होतं.