जाताना वारा समोरून

रात्री दोन ते सकाळी दहा
मी नगरपालिकेचा नांगर चालवतो.
जमिनीचा नव्हे, बर्फाचा.
योएन्सूच्या पूर्वेकडचे अठ्ठावीस रस्ते माझ्याकडे.
पातं डांबराला घासतं त्या आवाजावरून
बायको झोपेतसुद्धा ओळखते,
गल्लीतून गेला तो मी होतो की तो नवा पोरगा.

दहाला गाडी लावतो, वाडगाभर ओटची पेज पितो,
आणि मीच मोकळ्या केलेल्या रस्त्यावर
पळायला निघतो.
डेपोतले हसतात. हसोत.
पंधरा टनांवर बसून पाहिलेला चढ
आणि ऐंशी किलो अंगावर घेऊन चढलेला चढ
एक नसतो.

नोव्हेंबरात आठवड्याला तीस किलोमीटर.
मग तेहतीस. मग छत्तीस. मग परत अठ्ठावीस.
हे गणित सिर्काबाईंचं.
वय अडुसष्ट, मॅरेथॉन अकरा, गुडघे स्वतःचे.
"दहावा हिस्सा वाढव. चौथ्या आठवड्यात हाव आवर,"
असं बजावतात,
जणू मी अजून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलोय.
(बसायचोच. भूमितीत दोनदा गचकलो.)

उणे सतरा.
पापणीला पापणी चिकटते.
गालांना व्हॅसलिन, मोज्यात मोजा,
पाण्याची बाटली जाकिटाच्या आत, पोटाशी,
कोंबडीने अंडं धरावं तशी.
बुटांच्या तळाला खिळे; पुलावर त्यांचा आवाज
टाइपरायटरसारखा येतो,
आणि मी कुणाला काय लिहितोय, कळत नाही.

सिर्काबाईंचा दुसरा नियम:
जाताना वारा समोरून घ्यायचा.
परतताना अंग घामेजलेलं असतं, तेव्हा तो पाठीशी हवा.
नाहीतर शेवटच्या पाच किलोमीटरांत
माणूस आतून विझतो.

तळं इथे थेंबाथेंबाने साचत नाही,
रात्रीरात्रीने जाड होतं.
त्यावर भोक पाडून बसलेला म्हातारा तौनो
मान वर न करता विचारतो, "किती?"
मी म्हणतो, "चोवीस. तुमचं?"
"एकतीस."
त्याचे सेंटीमीटर, माझे किलोमीटर.
मासा कुणालाच लागलेला नसतो.

फेब्रुवारीत बत्तीसचा दिवस आला.
सिर्काबाईंची पोटरी धरलेली, मी एकटाच.
नियमाप्रमाणे वारा समोरून घेतला,
सोळाव्यावर वळलो,
आणि वाराही वळला.
पुन्हा समोर.
त्याला कुणी नियम शिकवला नव्हता.

विसाव्यावर बोटं गेली.
चोविसाव्यावर मी माझ्याच रस्त्यांची नावं विसरलो.
सव्विसाव्यावर मागून पिवळा दिवा फिरत आला.
तो नवा पोरगा. योनातान.
माझ्यावर बर्फ उडू नये म्हणून पातं त्याने आधीच उचललं होतं.
दार उघडून एवढंच म्हणाला, "कॉफी आहे."

मी नाही म्हणालो, असं सांगायला आवडलं असतं.
चढलो.
पाय पायदानावर ठेवताना दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागला.
हीटरसमोर दाढीतून पाणी गळत राहिलं,
आणि पोरगा रस्त्याकडे बघत राहिला,
शहाणा आहे.

संध्याकाळी फोन केला.
पलीकडे बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज.
मग: "सव्वीस लिही.
पळालास तेवढंच लिहायचं.
पुढच्या आठवड्यात वाढवायचं नाही."
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं.
आजूबाजूचे आकडे मोठे झाले आता,
ते सव्वीस अजून तिथेच आहेत.

एप्रिल लागला. तौनोने घसरगाडी परत नेली.
शर्यतीला पाच आठवडे उरलेत
आणि काल पुन्हा हिम पडलं, वेड्यासारखं.
पहाटे चारला दिव्याच्या झोतात
कुणी एक दिसलं, लाल टोपी, अनोळखी,
पावलं आखडती.
मी पातं उचललं. वेग कमी केला.
हॉर्न दिला नाही.

वारा त्याला समोरून होता.
म्हणजे नुकताच निघाला असावा.